ठोका म्हणजे आदेश नव्हे

सोमवार, २ मार्च

शेवटच्या चाचणीची तारीख आज वर्गाला सांगितली. गुरुवार, बारा. सोळाच्या सोळा चेहरे असे पडले, जणू मी शिक्षाच सुनावली. पास होतील ते जूनमध्ये वर जाणार. अंतराळस्थानकावर जाण्याला आम्ही नुसतं 'वर जाणं' म्हणतो, आणि दरवर्षी कुणीतरी दीडशहाणा त्यावर तोच विनोद करतो. यंदा पोपटाने केला. "बाई, वर जातो हो, पण तिकडून परत पाठवतात ना?" वर्ग हसला. मी हसले नाही. माझ्या माघारी मला 'घड्याळबाई' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि घड्याळ हसत नसतं.

पोपट हे नाव मी नाही ठेवलं, मुलांनीच ठेवलं. तोंडाची टकळी झोपेतसुद्धा चालू असेल. त्याची जोडीदार मुंगी. बोटभर पोरगी, सदा कामात, एक शब्द जास्तीचा नाही. अकरा वर्षं शिकवतेय, असा विद्यार्थी हाताखालून गेला नाही. वर्षभरात तिने मला एकही प्रश्न विचारलेला नाही.

ती अशी आपोआप झालेली नाही म्हणा. गेल्या महिन्यात सरावात पोपट सूट घालून दाबखोलीत, म्हणजे जिथली हवा काढून घेतात त्या बंद खोलीत, आणि मुंगी बाहेर दार उघडायच्या दांड्यावर. आतल्याने आतून दार ठोकायचं, गयावया करायची, हा सरावाचाच भाग. दारावरच्याने हलायचं नाही. पोपटाने असं काही ठोकलं, असे डोळे फिरवले, की मुंगीने माझ्या आदेशाआधीच दांडा ओढला. तो आत खदाखदा हसतोय! मी तिला त्या दिवशी सगळ्यांसमोर उभं केलं आणि शंभर वेळा म्हणायला लावलं: 'ठोका म्हणजे आदेश नव्हे.' साठाव्या वेळेला रडली. मी थांबवलं नाही. शंभर म्हणजे शंभर.

मला कुणी दुष्ट म्हणेल. म्हणू दे. वर असताना मी पाहिलंय, एकाने दया येऊन दार चार सेकंद आधी उघडलं आणि तिघं गेले. दारावरच्याला दाबाचे आकडे दिसत नाहीत. आकडे मागे टेबलावर बसलेल्याला दिसतात. तो 'उघडा' म्हणतो, दारावरचा 'उघडते' असं मोठ्याने परत म्हणतो, मगच दांडा ओढतो. ह्याला परतबोल म्हणतात. आणि सारा वेळ नजर दारावर. मागे वळून पाहायचं नाही.

मुंगी त्यानंतर एकदाही चुकली नाही. खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान वाटतो. तिला हे अर्थात सांगितलेलं नाही, डोक्यावर चढतात.

मंगळवार, १० मार्च

चाचणीची पत्रकं आज भरून ठेवली. दार बंद किती वाजता, दाब कमी किती वाजता, 'उघडा' आदेश किती वाजता, सगळं आठही जोड्यांचं. दार प्रत्यक्ष उघडल्याची वेळ तेवढी यंत्र आपोआप छापतं. बाकीचे शिक्षक चाचणी चालू असताना एक डोळा घड्याळावर, एक डोळा कागदावर अशी कसरत करतात. माझ्या चाचण्या मिनिटाला चुकत नाहीत. मग आधी लिहिलं काय नि नंतर लिहिलं काय?

सूट आणि नळ्या सांभाळणारे भांडारवाले काका ते बघून म्हणाले, "बाई, बाजारात तुरी!" मी म्हटलं, "काका, माझ्या तुरी आजवर घरी आल्यावाचून राहिल्या नाहीत." हसले आणि नळ्यांची खोकी घेऊन गेले.

धोक्याची घंटाही बंद करून ठेवली. सरावात ती उगाच केकाटते आणि मुलं बिथरतात. टेबलावरचा लाल दिवा आहे की. तो मी बघते.

लेक वर स्थानकावर असते, तिचा निरोप आलाय. तिला बोलायची वेळ गुरुवारी सकाळी साडेदहानंतर दिलीय. महिन्यातून एकदाच मिळते. नेमका चाचणीचा मुहूर्त! ह्यांना म्हटलं, तुम्हीच बोला. तर हे म्हणतात, "तिला तुझ्याशी बोलायचंय असं म्हणालीय. काहीतरी आहे." साडेदहाला मुंगी आणि पोपटाची जोडी आहे. त्यातल्या त्यात तेवढं बरं. मुंगी दारावर असली की मी बघितलं काय, न बघितलं काय.

गुरुवार, १२ मार्च

अपघात झाला. पोपट दवाखान्यात आहे. शुद्धीवर नाही. आज लिहवत नाही.

शुक्रवार, १३ मार्च

पोपट शुद्धीवर आला. जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणतात, जगेल. पुढचं पुढे.

काय झालं ते नीट लिहून ठेवते, पुढे विचारतील. पोपटाच्या सुटाची हवेची नळी कडीतून निसटली, साधारण दहा अडतीसला. तो ठोकू लागला. सरावातही ठोकायचंच असतं, त्यामुळे त्यात वेगळं असं काही दिसलं नाही. दहा बेचाळीसला दार उघडायचं होतं. ते दहा सत्तेचाळीसला उघडलं गेलं. त्याआधीच तो खाली पडला होता.

आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. समोर माझं पत्रक होतं. "बाई, बेचाळीसला तुमचा आदेश आहे. सत्तेचाळीसला दार. म्हणजे पाच मिनिटं ती पोरगी नुसती उभी राहिली?" मी पत्रकावरचं माझंच अक्षर बघत होते. ते म्हणाले, "तुमचं पत्रक चोख आहे म्हणून बरं, नाहीतर सगळं केंद्रावर शेकलं असतं."

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. मी खोटं लिहिलेलंही नाही. लिहिलं तेव्हा तसं होणारच होतं.

हे वाक्य तीनदा वाचलं. कसंतरीच दिसतंय.

रविवार, १५ मार्च

मुंगीवर चौकशी बसली. आरोप: आदेश न पाळणं. सिद्ध झाला तर केंद्रातून नाव कमी आणि वर जायला जन्मभर बंदी. सुनावणी तेवीसला.

आदेश न पाळणं. तिच्यावर! हसावं की रडावं कळेना.

भांडारवाले काका दुपारी घरी आले. बराच वेळ पाण्याचा पेला हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी सूट मोजत होतो. व्हरांड्यात कोण होतं, कोण नव्हतं, मी मान वर करून बघितलंच नाही."

मी म्हटलं, "काका, मी तुम्हाला काही विचारलंय का?"

"नाही. मी आपलं सांगून ठेवतो." मग पेल्याकडे बघत, "त्या नळीची कडी मी तपासली होती. म्हणजे... तपासली अशी खूण आहे कागदावर. सोमवारी सगळ्या नळ्यांसमोर एकदमच खुणा केल्या."

मला तुरींवरून हसणारा हा माणूस! दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत बसलो. जाताना म्हणाले, "तुमची दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला, माझं एक." आणि चपला घालून गेले.

ते गेल्यावर मी उगाचच सगळं कपाट रिकामं करून परत लावलं.

मंगळवार, १७ मार्च

मुंगी कान तपासून आली.

केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनीच मला व्हरांड्यात गाठून सांगितलं. "तुमची विद्यार्थिनी स्वतःहून आली होती. म्हणाली, बाईंनी आदेश दिला आणि मला ऐकू आला नाही, म्हणजे माझ्या कानात दोष असेल. दोन्ही कान उत्तम आहेत हो तिचे. पलीकडच्या खोलीत टाचणी पडली तर ऐकेल."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, कान ठीक आहेत, तर मग माझं लक्ष नसेल."

मी तासाला गेले. बोलत होते ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मुंगी शेवटच्या बाकावर, वही उघडून, पेन तयार ठेवून बसलेली. नाव कमी होईपर्यंत तासांना बसायची परवानगी आहे तिला. एकदा वाटलं, हिला संशय आला असेल. निदान मनात तरी आला असेल. मी तिच्या डोळ्यांत बघितलं. नाही. काहीच नाही. पत्रकात आहे म्हणजे बाई म्हणाल्या. बाई म्हणाल्या म्हणजे झालं.

हे मी केलंय. ह्या दोन हातांनी घडवलंय. केवढी मिरवत होते!

बुधवार, १८ मार्च

मुंगीची आई आली होती. इस्त्रीचं दुकान आहे तिचं. हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा. पिशवीतून मुंगीचे दोन गणवेश काढले, अशी घडी की उलगडायला जीव होऊ नये. म्हणाली, "हे परत करायचे असतात ना? म्हटलं ऐन वेळेला घाई नको."

"अजून सुनावणी व्हायचीय," मी म्हटलं.

"होईल ती. तिनं कबूल केलंय म्हणते, मग राहिलं काय?" आणि मग त्या माउलीने हात जोडले. मला! "बाई, तुम्ही एवढं शिकवलंत. घरी आली की तुमच्याशिवाय बोलायची नाही. आमच्या बाई अशा, आमच्या बाई तशा. आणि शेवटी हिनं तुमचंच नाव घालवलं. तुम्ही माफ करा तिला. त्या पोराच्या आईकडेही जाऊन आले. तिनं दार उघडलं नाही."

तोंडात मारल्यासारखी मी उभी. एवढंच म्हणाले, "तिची चूक नाही." तिला वाटलं मी मोठ्या मनाची आहे. डोळे पुसत म्हणाली, "तुमच्यासारखं कोण बोलतं हो?"

गणवेश माझ्या कपाटात आहेत. कपाट उघडवत नाही.

गुरुवार, १९ मार्च

पोपटाला बघून आले. सहा दिवस टाळत होते, आज पाय ओढत गेले.

बसला होता. आवाज तोच, बडबड तीच, थोडी दमत. "या बाई! वर जाऊन आलो म्हणा की. परत पाठवतात, मी विचारलेलं ना!" मी हसायचा प्रयत्न केला. मग त्याने चादरीखालून उजवा हात काढून दाखवला. बोटं हलतात, पण मूठ वळत नाही. डॉक्टर म्हणतात बहुतेक तशीच राहील.

"चला, आता कुणाला खोटं ठोकून फसवायचं भय नाही," म्हणाला. आणि मग एकदम गप्प झाला. पोपट गप्प झालेला मी कधी पाहिला नव्हता.

थोड्या वेळाने म्हणाला, "बाई, मुंगीला काही करू नका हो. मी काचेतून तिला बघत होतो. रडत होती. नाकातोंडातून पाणी, पण हात दांड्यावर तसाच. ओठ हलत होते तिचे. काय म्हणत होती ते मला माहीत आहे. त्या दिवशी शंभर वेळा ऐकलंय ना मी." मग म्हणाला, "खरी चूक माझीच. मी मागे खोटं ठोकलं नसतं, तर तिनं ह्या वेळी मानलं असतं."

म्हणजे मुंगी म्हणते चूक तिची. हा म्हणतो चूक ह्याची. तिची आई माफी मागून गेली. सगळ्यांनी आपापला वाटा उचलला. माझ्या वाट्याचं कुणी मागतच नाही.

शनिवार, २१ मार्च

आज लिहितेच.

मी खोलीत नव्हते.

दहा छत्तीसला व्हरांड्यात गेले. चाचणीच्या खोलीत फोन न्यायचा नाही, हा नियम माझाच. म्हटलं, दोन मिनिटं बोलू, बेचाळीसच्या आत टेबलावर. लेक रडत होती. तिचा तिथला मुख्य फार कडक आहे, कुणालाच बोलू देत नाही, झोपू देत नाही, चूक झाली की सगळ्यांसमोर उभं करतो. "आई, मी परत येऊ का गं?" आणि मी, घड्याळबाई, तिला शिस्त शिकवत बसले! आपल्याकडे अर्धवट सोडायची पद्धत नाही म्हटलं. सोसल्याशिवाय माणूस घडत नाही म्हटलं. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान. घड्याळाकडे बघितलं तेव्हा दहा सत्तेचाळीस. धावले. टेबलावरचा लाल दिवा लागलेला. मुंगी पाठमोरी, ताठ. काचेत पोपट दिसत नव्हता. दारातूनच ओरडले, "उघडा!"

आणि तिने तेव्हासुद्धा आधी परतबोल केला. "उघडते." मग दांडा ओढला.

तिला आज वाटतं तो माझा दुसरा आदेश होता. पहिला तिने ऐकला नाही.

हे लिहीत होते तेवढ्यात हे चहा घेऊन आले. तीस वर्षं बस चालवली ह्यांनी, निवृत्त झाल्यापासून चहा ह्यांच्याकडे. वही झाकली. ह्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. समोर बसले. म्हणाले, "लेकीचा निरोप होता, त्या दिवशी आई चक्क अकरा मिनिटं बोलली माझ्याशी. खूश होती गं."

मी कप उचलला.

"गुरुवारी ना? चाचणीच्या दिवशी?"

"चहात साखर कमी आहे," मी म्हटलं.

"असेल." बशी पुसत बसले. मग म्हणाले, "आमच्यात काय होतं, कंडक्टरनं एक घंटी मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. मी कधी घंटीशिवाय गाडी हलवली नाही. पण एकदा दोन घंट्या झाल्या, गाडी निघाली आणि मागून बाई किंचाळली. पाय अडकलेला दारात. ब्रेक मारला. कंडक्टर माझ्यावरच डाफरला, मी थांबायची घंटी कुठे मारली? म्हटलं, बाबा, तू मागे असतोस म्हणून मी घंटी ऐकतो. तू झोपलास तर मी कुणाची ऐकू?"

"अहो, तुम्हाला म्हणायचंय काय?"

"मी कशाला काय म्हणू? साखर आणतो." उठले आणि गेले.

परत आलेच नाहीत साखर घेऊन. बऱ्याच वेळाने बघितलं तर गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते, सकाळीच घातलेलं असताना.

रविवार, २२ मार्च

भीती वाटते. खरंच वाटते. निवृत्तीची नाही, ती गेली खड्ड्यात. मला भीती वाटते त्या पोरीच्या चेहऱ्याची. तिला कळल्यावर तो कसा होईल, त्याची.

आणि गप्प बसले तर तो चेहरा जन्मभर तसाच राहील, मान खाली घालून, 'माझं लक्ष नसेल' म्हणणारा. ती इस्त्री करेल आईच्या दुकानात आणि दर कपड्याला स्वतःला दोष देईल.

साहेबांना फोन करायला तीनदा हात गेला. तीनदा मागे घेतला. उद्या तिथेच बोलेन. बोलेन ना? लिहून ठेवते म्हणजे पळता येणार नाही: उद्या बोलेन. पण आधी लिहून ठेवलेल्याचं माझ्याकडे काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

सोमवार, २३ मार्च

सकाळी अकराला सुनावणी. लांब टेबलामागे तिघं: मोठे साहेब, डॉक्टरीणबाई आणि स्थानकाकडून आलेले एक अधिकारी. मुंगी टेबलासमोर उभी, मी तिच्या मागे भिंतीकडच्या खुर्चीवर. तिने इस्त्रीचा गणवेश घातला होता. तिसरा असणार, दोन तर माझ्या कपाटात.

साहेब म्हणाले, "तुझं म्हणणं सांग."

तिने कागद न बघता सांगितलं. "पत्रकात दहा बेचाळीसला आदेश दिलेला आहे. म्हणजे आदेश दिला होता. मी तो ऐकला नाही. कान तपासले, ते ठीक आहेत. म्हणून चूक माझ्या लक्षाची आहे. दुसरा आदेश ऐकल्यावर मी दार उघडलं. मला आणखी काही म्हणायचं नाही."

आवाज एकदाही हलला नाही. अगदी शिकवल्यासारखा.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "तो ठोकत होता, पडला, तुला दिसत होतं. तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं."

"मग?"

"मला वाटलं, बाई मागे आहेत. बाई बघतायत. धोका असता तर बाई म्हणाल्या असत्या."

साहेब लिहायला लागले. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा चौकशीचा नियम. मी उठले. खुर्ची पडली. "मी खोलीत नव्हते," म्हटलं.

साहेबांनी मान वर केली. "बाई, तुम्ही बसा. तुम्हाला त्रास झालाय, समजू शकतो."

"मला काही झालेलं नाही. पत्रक मी दोन दिवस आधी भरलं होतं. सगळी पत्रकं मी आधीच भरते, नेहमीच. बेचाळीसला कुणीही आदेश दिला नाही. छत्तीस ते सत्तेचाळीस त्या टेबलावर कुणी नव्हतं. घंटा मी बंद केली होती. आता लिहा."

मुंगी अजून समोरच बघत होती, भिंतीकडे. तिला मी वळायला शिकवलंच नव्हतं.

मी म्हटलं, "मागे वळ."

"मागे वळते," ती म्हणाली आणि वळली.

मी म्हटलं, "तू बरोबर ऐकलंस. आदेश झालाच नव्हता. तुझे कानही ठीक आणि लक्षही ठीक. चूक माझी आहे."

ती परतबोल करणार असं वाटलं. ओठ हललेसुद्धा. मी वाट बघितली. वर्षभरात पहिल्यांदा तिने तो केला नाही.

ती म्हणाली, "तुम्ही कुठे होतात?"

"व्हरांड्यात. लेकीचा फोन होता."

"मी काचेतून त्याला बघत होते, बाई," ती म्हणाली. "तो माझं नाव घेत होता. मी तुम्हाला मनातल्या मनात हाका मारत होते. म्हणा ना, म्हणा ना, म्हणा ना. आणि तुम्ही नव्हतातच?"

"नव्हते."

तिने आणखी काही विचारलं नाही. रडलीही नाही. माझ्याकडे बघत राहिली, आणि शेवटी नजर मीच खाली केली. डॉक्टरीणबाईंनी तिला खांद्याला धरून बाहेर नेलं.

साहेबांनी मला तिथेच कामावरून थांबवलं. जाताना दबक्या आवाजात म्हणाले, "काय केलंत हे, बाई? सगळं निपटत आलं होतं." मी म्हटलं, "म्हणूनच." काकांचं नाव मी घेतलं नाही. पण संध्याकाळी कळलं, ते दुपारी स्वतःच साहेबांच्या खोलीत गेले होते.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. स्वयंपाकघरात गेले आणि चहा ठेवला.

बुधवार, १ एप्रिल

लेकीला ह्या महिन्याची वेळ आज मिळाली. सगळं सांगितलं. तो फोन कुणाच्या चाचणीच्या वेळेला होता, तेही.

मग म्हणाली, "आई, तू त्या दिवशी मला म्हणालीस, सोसल्याशिवाय माणूस घडत नाही."

"म्हणाले होते."

"आता काय म्हणतेस?"

म्हटलं, "तुला यावंसं वाटलं तर ये गं. मला विचारू नकोस." ती म्हणाली, बघते. मला 'ये' म्हणायला उशीर झाला की अजून वेळ आहे, देव जाणे.

गुरुवार, ९ एप्रिल

किल्ल्या परत करायला केंद्रात गेले. मुंगीचे दोन गणवेश कालच तिच्या आईच्या दुकानात देऊन आले. त्यांनी घेतले. बसा म्हणाल्या नाहीत, आणि का म्हणावं?

चाचणीच्या खोलीवरून जावंच लागतं. आत मुंगीची चाचणी नव्याने चालू होती. दाबखोलीत दुसरी कुणी मुलगी. टेबलावर नवे मास्तर, वयाने लहान, शर्टाच्या बाह्या दुमडलेले. पत्रक कोरं होतं, एवढं दारातल्या काचेतून दिसलं. दार जरासं उघडं होतं, आवाज येत होता.

आतल्या मुलीने ठोकायला सुरुवात केली. मुंगी दांड्याशी उभी, ताठ, तशीच. आणि मग ती मागे वळली.

मास्तर दचकले. "अगं, मागे नाही बघायचं. नियम आहे."

"हो," ती म्हणाली.

"मग काय बघतेस?"

"तुम्ही आहात ना, ते."

"आहे की," मास्तर म्हणाले. ते काहीतरी लिहायला लागले, मग थांबले आणि लाल दिव्याकडे बघायला लागले.

वळता वळता तिची नजर दाराच्या काचेवर आली. मी दिसले तिला, नक्की दिसले. मला वाटलं, निदान मान हलवेल. नाही हलवली. समोर वळली आणि दांड्यावर हात ठेवला.

तिचं दार उघडेपर्यंत थांबले नाही. भांडारात आता नवीन माणूस आहे. त्याने किल्ल्या एकेक करून तपासून घेतल्या, सगळ्या बरोबर आहेत म्हणाला, आणि मी घरी आले.